डेथ मॅग्नेटिक: आवाज नेमका फाटला कुठे?

२००८ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडची ‘डेथ मॅग्नेटिक’ ही नवीन सीडी घरी आणली, सिस्टिमला लावली, सुरुवातीला हृदयाचे ठोके, मग सावकाश गिटार, मग अख्खा बँड एकदम अंगावर येतो, आणि तिथेच मी गाणं थांबवून स्पीकरच्या मागे वाकलो कारण मला वाटलं वायर लूज झालीये. ड्रमच्या ठोक्यांबरोबर चर्र चर्र असा बारीक आवाज येत होता. वायर घट्ट होती. मग हेडफोन लावले, तरी तेच. मग वाटलं आपलीच सीडी खराब निघाली, म्हणून मित्राची मागून आणली, तीपण तशीच. शेवटी आवाज कमी करून ऐकलं तर काय, चर्र तसंच, फक्त हळू आवाजात. गाणी मात्र मस्त होती हो, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. नंतर साऊंडच्या कामात पडलो, लग्नं, नाट्यगृहं, छोटे गिग असं सगळं केलं, आणि या अल्बमचं प्रकरण पुन्हा पुन्हा डोक्यात येत राहिलं. म्हणून आज पूर्ण लिहून काढतोय. ‘डेथ मॅग्नेटिक’ला समीक्षकांनी उचलून धरलं, तो पहिल्याच आठवड्यात नंबर एकला गेला, त्याला ग्रॅमी मिळाले, आणि त्याच वेळी हजारो फॅन्सनी सह्या करून मागणी केली की हा अल्बम पुन्हा मिक्स करा, म्हणजे गिटार, ड्रम, गाणं असे सुटे ट्रॅक नव्याने एकत्र जुळवा. हे सगळं एकाच अल्बमच्या बाबतीत, जेमतेम पाच महिन्यांत. एवढं सगळं एकत्र कसं घडलं, ते बघू.

आधी थोडं मागे जावं लागेल. २००३ चा ‘सेंट अँगर’ आठवतो ना? त्यातला तो डब्यासारखा वाजणारा स्नेअर ड्रम, स्नेअरच्या तारा सोडून वाजवलेला, आणि अख्ख्या अल्बममध्ये एकही गिटार सोलो नाही. मेटॅलिकाच्या अल्बममध्ये सोलो वाजवणाऱ्या गिटारवाल्या कर्क हॅमेटला सोलो नाही म्हणजे काय बोलायचं. बँड तेव्हा आतून मोडकळीला आला होता, बासवाला जेसन न्यूस्टेड सोडून गेलेला, गायक-गिटारवाला जेम्स हेटफिल्ड दारू सोडायला उपचार घेत होता, त्या अल्बमवर बास प्रोड्युसर बॉब रॉकनेच वाजवला होता, नवा बासवाला रॉबर्ट ट्रुहियो रेकॉर्डिंग संपल्यावर आला. त्यामुळे त्याच्यानंतरचा अल्बम म्हणजे पाच वर्षांची वाट बघणं होतं, आणि मनात धाकधूक पण होती की यांच्यात आता काही उरलंय का नाही.

मग बातमी आली की बॉब रॉक नाही, यावेळी रिक रुबिन. १९९१ च्या ‘मेटॅलिका’ नावाच्या, काळ्या कव्हरमुळे काळा अल्बम म्हणतात त्या अल्बमपासून रॉकच होता, त्यामुळे ही बातमी मोठी होती. रुबिन म्हणजे १९८६ चा स्लेयर या बँडचा ‘रेन इन ब्लड’ करणारा माणूस, पोरांना वाटलं आता खरं थ्रॅश, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटल येणार. आणि रुबिनने खरंच त्यांना तेच सांगितलं, की तुम्ही जुन्या दिवसांत कसा विचार करायचात, कसे भुकेले होतात, ते आठवा, आणि एकत्र उभं राहून वाजवा. गाणी लांब झाली, सोलो परत आले, दहा गाणी आणि जवळपास सव्वा तासाचा अल्बम. ट्रुहियोचा बास असलेला हा पहिला स्टुडिओ अल्बम. १२ सप्टेंबर २००८ ला सगळ्या जगात एकत्र रिलीज.

रिलीजच्या दहा दिवस आधी फ्रान्समधल्या एका दुकानाने डिस्क विकायला काढल्या आणि अल्बम नेटवर फुटला. २००० साली नेटवर गाणी फुकट देवाणघेवाण करू देणाऱ्या नॅप्स्टरवर केस टाकणारा हाच बँड, त्यामुळे सगळ्यांना वाटलं आता पुन्हा कोर्ट. पण ड्रमर लार्स उलरिक रेडिओवर म्हणाला की ठीक आहे, २००८ चालू आहे, एवढ्या उशिरा लीक झाला यातच आनंद आहे. मला त्याचं तेव्हा बरं वाटलं, वाटलं माणूस बदलला. पुढे साऊंडच्या बाबतीतही त्याने हेच ‘२००८ आहे’ वालं उत्तर दिलं, तिथे मात्र मला ते पटलं नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

समीक्षकांनी बहुतेक ठिकाणी चांगलंच लिहिलं. परत आले, पुन्हा वेग आला, हेटफिल्डचा उजवा हात पुन्हा चालायला लागला, असा सूर होता. आणि ते खोटं नव्हतं. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ४,९०,००० प्रती गेल्या, थेट नंबर एक. सलग पाच स्टुडिओ अल्बम नंबर एकवर सुरू होणारा तो पहिला बँड ठरला. म्हणजे आकड्यांत बघितलं तर हे प्रकरण तिथेच संपतं, सगळे खूश, पार्टी करा.

पण ज्यांनी घरी नीट बसून ऐकलं त्यांच्यातून आवाज यायला लागला की साऊंड फाटलाय. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ही ओरड अल्बम नावडलेल्यांची नव्हती. ज्यांना गाणी आवडत नव्हती ते सोडून गेले, त्यांना काय पडलंय. ओरडत होते ते ज्यांना ही गाणी दिवसातून पाच वेळा ऐकायची होती आणि दुसऱ्या वेळेलाच डोकं दुखायला लागत होतं ते.

आता या ओरडीला तसा काही अर्थ राहिला नसता. ‘तुझे स्पीकर खराब’, ‘तुझे कान खराब’, ‘मेटल आहे, असंच असतं’ असं म्हणून विषय संपला असता, कारण तुलनेला दुसरं काही नव्हतंच. प्रत्येक अल्बमचं एकच रूप बाजारात येतं, तेच खरं. पण यावेळी दुसरं रूप होतं, आणि ते आलं एका व्हिडिओ गेममधून.

गिटार हिरो हा गेम माहीत असेल, प्लास्टिकची गिटार घेऊन स्क्रीनवर येतील तसे नोट दाबायचे. ‘डेथ मॅग्नेटिक’ पूर्णच्या पूर्ण अल्बम रिलीजच्याच दिवशी गिटार हिरोसाठी डाउनलोडला दिला होता. आता त्या गेमची गंमत अशी की तुम्ही नोट चुकवलात की फक्त गिटार गप्प होते, बाकी ड्रम, बास, गाणं चालू राहतं. म्हणजे गेमवाल्यांना तयार गाणं देऊन भागत नाही, गिटार वेगळी, बास वेगळा, ड्रम वेगळे, आवाज वेगळा, असे सुटे ट्रॅक द्यावे लागतात. ते सुटे ट्रॅक सीडीच्या शेवटच्या भट्टीतून गेलेच नव्हते. गेमवाल्यांनी ते आपल्या पद्धतीने एकत्र केले, आणि झालं काय, तर त्याच गाण्यांचं, त्याच रेकॉर्डिंगचं, एक दुसरं रूप लोकांच्या हातात पडलं ज्यात ड्रम श्वास घेत होते.

इयन शेफर्ड नावाच्या ब्रिटिश मास्टरिंग इंजिनिअरने दोन्हीची तुलना करून लिहिलं की सीडी ही गेमपेक्षा दहा डेसिबलपर्यंत मोठ्या आवाजात आहे. दहा डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठं वाटणं. डायनॅमिक रेंजचं जे मीटर लोक वापरतात, म्हणजे गाण्यातला सगळ्यात उंच ठोका आणि त्याची नेहमीची पातळी यांच्यात किती अंतर आहे ते मोजणारं, त्यावर सीडीला आकडा येतो ३ आणि गेमच्या रूपाला बाराच्या आसपास. तीन हा आकडा बघून मी तेव्हा काही समजलो नव्हतो, आज बघतो तेव्हा पोटात गोळा येतो.

मी ती तुलना पहिल्यांदा ऐकली मित्राच्या ऑफिसातल्या नेटवर, घरच्या नेटवर व्हिडिओ अडकत अडकत चालायचा म्हणून. एक तुकडा सीडीचा, एक गेमचा, असं आलटून पालटून. पहिल्यांदा सीडीचाच भारी वाटला, कारण मोठा होता. मग मित्राने गेमच्या तुकड्याला आवाज वाढवला, दोन्ही सारखे वाटतील इतका. आणि मग एकदम चित्र पालटलं. स्नेअर खोलीत वाजल्यासारखा वाजला. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, छातीला लागली. सीडीच्या तुकड्यात किक नव्हतीच, किकच्या जागी एक खडखड होती.

हाच या सगळ्या भानगडीचा पाया आहे. दोन गोष्टी लागोपाठ ऐकवल्या आणि एक जराशी मोठी असली की आपला कान तिलाच चांगली म्हणतो, हा माणसाच्या कानाचा स्वभाव आहे. त्यामुळे १९९० च्या दशकापासून प्रत्येकाला आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं हवं होतं, रेडिओवर, गाडीत, पाच डिस्कच्या चेंजरमध्ये, नंतर आयपॉडवर. पण डिजिटलला एक छत आहे. शून्य डेसिबल, त्याच्या वर आकडाच नाही. छत वर सरकवता येत नाही म्हटल्यावर एकच मार्ग उरतो, उंच ठोके दाबायचे आणि बाकी सगळं वर उचलायचं. हलकं दाबलं तर ताकद येते, मी स्वतः रोज करतो, त्यात पाप नाही. पण दाबत दाबत एक वेळ अशी येते की ठोक्यांना दबायला जागा उरत नाही आणि मग त्यांचं डोकंच उडतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ उघडा. आठेक मिनिटांचं गाणं आहे, सुरुवातीला स्वच्छ, शांत गिटार, मग हळूहळू चढत जातं, पाचव्या मिनिटाच्या आसपास वेग घेतं आणि मग दोन गिटारींची पळापळ आणि हॅमेटचा लांबलचक सोलो. म्हणजे रचनाच अशी आहे की शांतपणातून वादळाकडे जायचं. गेमच्या रूपात ते तसंच दिसतं, आधी बारीक, मग जाड, आणि जाड भागातूनही ड्रमचे काटे वर आलेले. सीडीचं रूप उघडलं तर जड भाग सुरू झाला की थेट कंपास पेटीतली पट्टी ठेवून वरून खालून कापल्यासारखा पट्टा. जवळ जा, झूम करा, अगदी एका किकवर जा. लाट वर चढते, चढते, आणि गोल वळण्याऐवजी छताला लागून सपाट होते, एक सरळ आडवी रेघ, मग खाली. ती आडवी रेघ म्हणजेच ते चर्र. मी स्पीकरच्या मागे वाकून जी वायर शोधत होतो ती वायर ही होती.

आमच्या धंद्यात याला आवाज फाटला म्हणतात, आणि फाटला म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो कुठे फाटला. हे मला एका जुन्या ऑपरेटरकाकांनी शिकवलं, एका लग्नात. निवेदक माईक तोंडात घालून ओरडत होते, आवाज फाटत होता, लोक कानावर हात ठेवत होते, आणि मी आपला मास्टर फेडर, म्हणजे शेवटी बाहेर जाणारा सगळा आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली खाली घेत होतो. आवाज कमी झाला पण फाटका तो फाटकाच. काका मागून आले, मास्टरला हातही लावला नाही, त्या माईकच्या चॅनलवर सगळ्यात वर जी गेनची, म्हणजे आत येणारा आवाज किती घ्यायचा ते ठरवणारी गोटी असते ती पाव फेरा मागे फिरवली. तिच्याजवळचा लाल दिवा विझला, आणि आवाज साफ. म्हणाले, “अरे, दारातच फाटून आलाय तो, तू शेवटी उभा राहून काय करणार?”

‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये अगदी हेच झालं. लोकांनी आधी दोष दिला मास्टरिंगला. मास्टरिंग म्हणजे शेवटची पायरी, मिक्स होऊन आलेल्या गाण्यांना एकसारखी पातळी देणं, शेवटचा हात फिरवणं. ते केलं होतं न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साऊंडमधल्या टेड जेन्सनने, या क्षेत्रातलं फार मोठं नाव. शिव्या त्यालाच पडायला लागल्या. एका फॅनने त्याला मेल लिहिली आणि जेन्सनने उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की तुमचं म्हणणं मला पटतं, पण मिक्स माझ्याकडे आले तेव्हाच छताला घासून, ठासून भरलेले होते, मी स्वतः होऊन एवढं कधीच रेटलं नसतं, आणि या कामाशी आपलं नाव जोडलं गेलं याचा मला अभिमान नाही. ती मेल जगभर फिरली. नंतर त्याला वाईट वाटलं की खाजगी उत्तर असं जाहीर झालं, आणि ते साहजिक आहे, गिऱ्हाइकाबद्दल असं जाहीर बोलणं आपल्या धंद्यात चालत नाही. पण त्या चार ओळी आल्या नसत्या तर आजही सगळं खापर त्याच्याच माथ्यावर असतं.

म्हणजे फाटला होता दारात, मिक्सिंगमध्ये. शेवटच्या पायरीवरच्या माणसाच्या हातात दुरुस्तीच नव्हती. उडालेलं डोकं परत बसवता येत नाही, त्या लाटेचा वरचा भाग फाईलमध्ये अस्तित्वातच नसतो, सुटे ट्रॅक घेऊन पुन्हा मिक्स करणं एवढाच उपाय. म्हणूनच फॅन्सच्या पिटिशनमध्ये मागणी होती ती नुसत्या रीमास्टरची नाही तर रीमिक्सची. दहा हजारांवर सह्या झाल्या. साध्या ऐकणाऱ्या पोरांनी मिक्स आणि मास्टर यातला फरक समजून घेऊन नेमकी योग्य मागणी केली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

बँडकडून उत्तर काय आलं? लार्सचं म्हणणं असं की साऊंडमध्ये काही गडबड नाही, २००८ साल आहे, आम्ही रेकॉर्ड असेच करतो, रुबिनची पद्धतच अशी की आवाज जिवंत, मोठा, स्पीकरमधून उडी मारून बाहेर येणारा हवा, तक्रार करणाऱ्यांचा आवाज नेटवर जास्त ऐकू येतो, आणि मी दोन दिवस गाडीत ऐकतोय, जबरदस्त वाजतंय. मॅनेजमेंटचंही असंच, प्रतिक्रिया प्रचंड चांगल्या आहेत, तक्रारवाले मूठभर.

आता मी लार्सला पूर्ण चूक म्हणणार नाही. गाडीतलं त्याचं खरं असणार. चालत्या गाडीत इंजिनचा, टायरचा, रस्त्याचा आवाज खाली सतत असतो, शांत भाग त्यात बुडतात, त्यामुळे सगळं वर उचललेलं मिक्स गाडीत खरंच कामाला येतं. आणि बऱ्याच लोकांना तो साऊंड आवडला पण, त्यांना त्यात एक राग, एक ओरखडा जाणवला, माझ्या ओळखीतले दोन गिटारवाले आजही म्हणतात की गेमचं रूप मऊ वाटतं. मान्य. पण स्वतः ड्रम वाजवणाऱ्या माणसाने आपल्याच किकच्या जागी खडखड ऐकून जबरदस्त म्हणावं हे मला कळत नाही. माझा अंदाज असा की तो ऐकत नव्हता, आठवत होता. वर्षभर ती गाणी वाजवून, रेकॉर्ड करून, प्लेबॅकला बसून त्याच्या डोक्यात खरा ड्रम पक्का बसला होता. डोक्यात बसलेला आवाज कान भरून काढतो, हे मी स्वतः अनुभवलंय, रात्री दोन वाजता झक्कास वाटलेलं मिक्स सकाळी चहा घेऊन ऐकलं की हात कपाळाला. म्हणूनच मास्टरिंगला बाहेरचा माणूस ठेवतात, ताज्या कानांचा. इथे ताजे कान होते, त्यांना ऐकूही आलं होतं, फक्त ते साखळीत एवढे शेवटी होते की काही करायला उशीर झाला होता.

मग जबाबदार कोण? लोक एकच नाव मागतात. रुबिन म्हणा, तर त्याच्यावर हा आरोप आधीही झाला होता, १९९९ च्या रेड हॉट चिली पेपर्सच्या ‘कॅलिफोर्निकेशन’वर फाटक्या आवाजाची अशीच तक्रार होती. त्यात तो रोज स्टुडिओत खुर्ची टाकून बसणारा प्रोड्युसर नाही, त्याची ताकद गाणी निवडण्यात, वाजवणाऱ्यांकडून काढून घेण्यात. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगमध्ये होता ग्रेग फिडलमन. त्यालाही शिव्या पडल्या, पण मिक्सवर मान हलवतो तो बँड. माझं मत विचाराल तर एवढं ठासून भरलेलं मिक्स एका माणसाच्या एका निर्णयाने होत नाही. ड्रमवर थोडं, सगळ्या गिटारींवर मिळून थोडं, मग पूर्ण मिक्सवर थोडं, आणि प्रत्येक वेळी खोलीतल्या कुणीतरी म्हणायचं अजून थोडं येऊ दे, आणि ते अजून थोडं प्रत्येक वेळी आधीपेक्षा भारीच वाटतं, कारण मोठं असतं. त्या व्हिडिओत मला पहिल्यांदा सीडीच भारी वाटली होती ना, तसंच. फरक एवढाच की माझ्या मित्राने पातळी सारखी करून दाखवली, त्या खोलीत ते कुणी केलं नाही, किंवा केलं तरी कुणी ऐकलं नाही.

आणि या बँडचा इतिहास पण बघा. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास जवळजवळ ऐकूच येत नाही, क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस अपघातात गेल्यावर आलेला न्यूस्टेड काय वाजवतोय ते कान लावून शोधावं लागतं. २००३ ला स्नेअर. २००८ ला हे. तिन्ही वेळा फॅन्सनी सांगितलं, तिन्ही वेळा बँड आपल्या साऊंडवर ठाम राहिला. हा हट्ट आहेच, पण त्याच हट्टातून ‘मास्टर ऑफ पपेट्स’ही आला हे विसरून चालणार नाही.

पुरस्कारांचं तर विचारूच नका. ८ फेब्रुवारी २००९ चे ग्रॅमी. ‘माय अपॉकलिप्स’ला मेटल परफॉर्मन्सचा. अल्बमच्या पॅकेजिंगलाही मिळाला, आणि तो शंभर टक्के बरोबर, पांढऱ्या कव्हरवर शवपेटीच्या आकाराचा खड्डा, भोवती लोहचुंबकाला चिकटलेल्या कीसासारख्या रेषा, आणि ते भोक पुस्तिकेच्या पानांतून आत आत जातं, मी अजून ती पुस्तिका काढून बघत बसतो. आणि त्याच रात्री प्रोड्युसर ऑफ द इयर कोण, तर रिक रुबिन, आणि ज्या कामांसाठी मिळाला त्यात ‘डेथ मॅग्नेटिक’ होता. ज्या अल्बमच्या साऊंडविरुद्ध हजारोंनी सह्या केल्या त्याच्या निर्मितीला वर्षातला सगळ्यात मोठा मान. मला यात कुणाची लबाडी दिसत नाही. समीक्षकाने गाणी ऐकली आणि गाण्यांबद्दल लिहिलं. दुकानाने प्रती मोजल्या. ग्रॅमीने वर्षभराचं काम पाहिलं. चर्र ऐकणारा मात्र घरी एकटा बसलेला होता आणि त्याच्यासाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता.

याचा परिणाम काही झाला का? झाला, पण मेटॅलिकाच्या ऑफिसापेक्षा बाहेर जास्त. ‘लाउडनेस वॉर’, म्हणजे गाणी मोठी करण्याची ही चढाओढ, हा शब्द तोपर्यंत साऊंडवाल्यांच्या गप्पांत होता, या प्रकरणाने तो मोठमोठ्या वर्तमानपत्रांत गेला, कारण आता साध्या माणसाला दोन तुकडे ऐकवून दाखवता येत होतं. शेफर्डने पुढे २०१० पासून डायनॅमिक रेंज डे, म्हणजे ठासून न भरलेल्या आवाजाच्या बाजूने बोलायचा एक दिवस, सुरू केला. आणि नंतर स्ट्रीमिंग आलं, स्पॉटिफायसारखे लोक सगळ्या गाण्यांची पातळी आपणहून सारखी करायला लागले. म्हणजे माझ्या मित्राने जे हाताने केलं होतं ते आता मशीन करतं. आता ठासून भरलेलं गाणं मोठं वाजत नाही, त्याला खाली ओढलं जातं, आणि चर्र मात्र तेवढं राहतं. फायदा गेला, नुकसान उरलं. कधी सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन चालू ठेवून काळ्या अल्बममधलं एक गाणं आणि त्याच्यामागे ‘डेथ मॅग्नेटिक’मधलं ‘सायनाइड’ लावून बघा, १९९१ चा स्नेअर कसा उडी मारून बाहेर येतो ते. स्पीकरमधून उडी मारणारा आवाज लार्सला हवा होता ना, तो त्याच्याच जुन्या अल्बममध्ये आहे.

फिडलमनला बँडने सोडलं नाही, उलट २०१६ चा ‘हार्डवायर्ड’ आणि २०२३ चा ‘सेव्हंटीटू सीझन्स’ त्यानेच बँडबरोबर केला. हे दोन्ही अल्बम मोठ्या आवाजातलेच आहेत पण किक किकसारखी वाजते, माझ्या कानाला तरी फार मोकळे वाटतात. जाहीर कबुली माझ्या तरी वाचनात आली नाही, पण हात सैल झालेला ऐकू येतो.

आपल्याकडची एक आठवण सांगतो. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका वाजली, दोन दिवस आधीचा गुडगावचा शो रद्द झाल्यामुळे तिकडचीही पोरं बंगळूरला आली होती, आणि महाराष्ट्रातून तर गाड्या भरभरून गेलो आम्ही. तिथे मैदानात उभं राहून लार्सची किक पोटात लागली तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की सीडीवरून काय गेलंय. तो माणूस तेवढाच जोरात वाजवत होता. जोर त्याच्या पायात होता, तो छताला आपटून मोडला होता एवढंच.

गेल्या काही वर्षांत बँड आपले जुने अल्बम एकेक करून मोठ्या पेट्यांत पुन्हा काढतोय, २०१७ ला ‘मास्टर ऑफ पपेट्स’, २०१८ ला ‘जस्टिस’, २०२१ ला काळा अल्बम, २०२५ ला ‘लोड’. क्रम असाच चालला तर कधीतरी ‘डेथ मॅग्नेटिक’चीही पाळी येईल. ‘जस्टिस’च्या वेळी तीस वर्षांनीसुद्धा त्यांनी बास वाढवला नाही, जसं होतं तसंच ठेवायचं म्हणाले, त्यामुळे फार आशा धरावी असं नाही. तरी माझी एक साधी मागणी आहे. जुनं मिक्स पुसू नका, ते राहू दे, त्यावर जीव असणारे लोक आहेत. त्या पेटीत फक्त एक जादा डिस्क टाका, गेमवाल्यांना दिले होते तसल्या सुट्या ट्रॅकवरून केलेली, मोकळी. सुरुवातीचे हृदयाचे ठोके, सावकाश गिटार, आणि मग बँड अंगावर येईल तेव्हा मला स्पीकरच्या मागे वाकायला लागू नये.